वासिली अर्खिपोव : एका पाणबुडी-अधिकाऱ्याची कारकीर्द आणि क्यूबा संकटातील एक निर्णय

प्रस्तावना

नौदलातील अन्य शाखांच्या तुलनेत पाणबुडी-अधिकाऱ्याची कारकीर्द लिहिणे इतिहासकाराला अवघड जाते. विनाशिकेच्या कप्तानाचा पराक्रम समुद्राच्या पृष्ठभागावर घडतो. तो इतरांना दिसतो आणि त्याची नोंद शत्रूच्या दप्तरातही होते. पाणबुडीचे यश मात्र न दिसण्यात असते. तिने काय केले याचे साक्षीदार बहुधा तिच्या पोलादी कवचाच्या आतच असतात आणि त्यांनाही दीर्घकाळ मौन पाळावे लागते. जे घडले त्याचे लेखन इतके कठीण, तर जे घडू दिले नाही त्याचे लेखन किती कठीण असेल, याची कल्पना करता येते.

सोव्हिएत नौदलातील व्हाइस अ‍ॅडमिरल वासिली अलेक्सांद्रोविच अर्खिपोव यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १९६२ च्या क्यूबा क्षेपणास्त्र संकटात त्यांनी अण्वस्त्रधारी टॉर्पेडोचा वापर टाळला आणि त्यामुळे अणुयुद्ध टळले, अशी त्यांची ख्याती गेल्या दोन दशकांत जगभर पसरली आहे. 'जग वाचविणारा माणूस' हे विशेषण त्यांच्या नावामागे कायमचे जडले आहे. हे विशेषण आकर्षक असले तरी त्यामुळे दोन गोष्टी झाकल्या जातात. एक म्हणजे, त्या रात्री नेमके काय घडले याविषयी उपलब्ध साधनांत एकवाक्यता नाही. दुसरी म्हणजे, तो निर्णय एका क्षणाचा नव्हता. त्यामागे सतरा वर्षांची समुद्रसेवा आणि एका भीषण अपघाताचा अनुभव उभा होता. प्रस्तुत लेखात अर्खिपोव यांच्या कारकिर्दीचा आढावा घेऊन या दोन्ही गोष्टी स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

जडणघडण

अर्खिपोव यांचा जन्म ३० जानेवारी १९२६ रोजी मॉस्कोजवळील स्ताराया कुपाव्ना या गावाच्या परिसरातील एका शेतकरी कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी पॅसिफिक उच्च नौदल विद्यालयात शिक्षण घेण्यास प्रारंभ केला. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत संघाने जपानविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा विद्यार्थिदशेतील अर्खिपोव सुरुंग काढणाऱ्या एका नौकेवर होते. सुरुंग काढण्याचे काम हे नौदलातील कदाचित सर्वांत संथ आणि सर्वांत सावध काम होय. तेथे घाईला स्थान नसते आणि चुकीला दुसरी संधी नसते.

युद्धानंतर त्यांनी अझरबैजानातील बाकू येथील कॅस्पियन उच्च नौदल विद्यालयात शिक्षण पूर्ण केले व १९४७ मध्ये ते पदवीधर झाले. त्यानंतर त्यांची नियुक्ती पाणबुडी शाखेत झाली. काळा समुद्र, बाल्टिक समुद्र व उत्तर समुद्री आरमार अशा वेगवेगळ्या ठिकाणी त्यांनी सेवा बजावली. पहिल्या दशकातील ही वाटचाल त्यांच्या पिढीतील अनेक अधिकाऱ्यांसारखीच होती. त्यात नाट्य नाही. परंतु पाणबुडीतील प्रत्येक झडप, प्रत्येक नळी आणि प्रत्येक माणूस ओळखण्याचे शिक्षण याच काळात होत असते. पाणबुडीत अधिकारी आणि खलाशी यांच्यातील अंतर अक्षरशः हाताभराचे असते. कप्तानाच्या चेहऱ्यावरील भीती शेवटच्या कप्प्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही, हा धडा येथेच मिळतो.

'के-१९' वरील अपघात

१९६१ मध्ये अर्खिपोव 'के-१९' या पाणबुडीवर कप्तानाच्या खालोखालचे अधिकारी म्हणून रुजू झाले. अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे धारण करणाऱ्या सोव्हिएत अणुपाणबुड्यांच्या पहिल्या श्रेणीतील ही पाणबुडी होती. अमेरिकेशी असलेल्या स्पर्धेमुळे तिची बांधणी घाईने पूर्ण करण्यात आली होती. कॅप्टन निकोलाय झातेयेव हे तिचे प्रमुख होते.

४ जुलै १९६१ रोजी, उत्तर अटलांटिकमध्ये सरावात असताना, तिच्या दोन अणुभट्ट्यांपैकी एकीच्या शीतकरण यंत्रणेत गळती झाली व पाण्याचा दाब एकाएकी शून्यावर आला. अणुभट्टीतील साखळी प्रक्रिया थांबविली तरी इंधनात साठलेल्या किरणोत्सारी द्रव्यांपासून उष्णता निर्माण होतच राहते. ही उष्णता वाहून नेणारे पाणी नसेल तर इंधन वितळू लागते. अशा प्रसंगी उपयोगी पडणारी पर्यायी शीतकरण यंत्रणा 'के-१९' वर बसविलेलीच नव्हती. शिवाय दूर पल्ल्याचे रेडिओ यंत्र बंद पडल्यामुळे मुख्यालयाशी संपर्कही होत नव्हता.

अखेर पाणबुडीवरील अभियंत्यांनी उपलब्ध नळ्या जोडून एक तात्पुरती शीतकरण यंत्रणा उभारण्याचे ठरविले. त्यासाठी अणुभट्टीच्या कप्प्यात प्रत्यक्ष शिरणे भाग होते. किरणोत्सारापासून संरक्षण देणारे पुरेसे पोशाख उपलब्ध नव्हते. खलाशी पाळीपाळीने आत गेले, नळ्या वितळजोड करून बाहेर आले आणि अणुभट्टीचे तापमान उतरू लागले. आत जाऊन काम करणाऱ्या आठ जणांचा काही आठवड्यांतच किरणोत्साराने मृत्यू झाला. त्यानंतरच्या काळात आणखी काही सहकारी दगावले.

या प्रसंगी पाणबुडीवरील शिस्त टिकेल की नाही, याची कप्तानाला शंका होती. खलाशांचा एक गट पाणबुडी सोडण्याच्या मनःस्थितीत होता. झातेयेव यांनी पाणबुडीवरील लहान शस्त्रे समुद्रात फेकून देण्याचा आदेश दिला आणि मोजकी पिस्तुले विश्वासातील अधिकाऱ्यांकडे ठेवली. अर्खिपोव हे त्या विश्वासातील अधिकाऱ्यांपैकी एक होते. पुढे जवळ आलेल्या सोव्हिएत डिझेल पाणबुड्यांवर खलाशांना हलविण्यात आले आणि 'के-१९' ओढून तळावर आणली गेली. हा अपघात सोव्हिएत शासनाने अनेक वर्षे गुप्त ठेवला. वाचलेल्यांना त्याविषयी बोलण्याची मुभा नव्हती.

अर्खिपोव यांच्या कारकिर्दीत या घटनेचे महत्त्व दुहेरी आहे. अण्विक ऊर्जा नियंत्रणाबाहेर गेली म्हणजे माणसाच्या देहाचे काय होते, हे त्यांनी आकडेवारीत नव्हे तर सहकाऱ्यांच्या रूपात पाहिले होते. दुसरे असे की, संकटाच्या वेळी डगमगला नाही, अशी त्यांची प्रतिमा नौदलात निर्माण झाली. पुढील वर्षी दुसऱ्या पाणबुडीवर त्यांच्या शब्दाला वजन प्राप्त झाले, त्यामागे हा लौकिक असावा असे मानण्यास जागा आहे.

क्यूबाची मोहीम

१९६२ मध्ये सोव्हिएत संघाने 'अनादीर' या गुप्त नावाने क्यूबामध्ये क्षेपणास्त्रे व सैन्य पाठविण्याची मोहीम हाती घेतली. तिचाच एक भाग म्हणून १ ऑक्टोबर १९६२ रोजी कोला द्वीपकल्पावरील सायदा उपसागरातून ६९ व्या पाणबुडी ब्रिगेडच्या 'बी-४', 'बी-३६', 'बी-५९' आणि 'बी-१३०' या चार पाणबुड्या क्यूबाच्या दिशेने निघाल्या. ब्रिगेडचे प्रमुख विताली अगाफोनोव 'बी-४' वर होते. तर ब्रिगेडचे चीफ ऑफ स्टाफ म्हणून अर्खिपोव 'बी-५९' वर होते. या पाणबुडीचे कप्तान होते वालेंतिन सावित्स्की.

या चारही पाणबुड्या पाश्चात्त्य संज्ञेनुसार 'फॉक्सट्रॉट' श्रेणीतील होत्या. भारतीय वाचकास ही श्रेणी अपरिचित नाही. भारतीय नौदलाची पहिली पाणबुडी 'कलवरी' ही याच श्रेणीतील होती; ती ८ डिसेंबर १९६७ रोजी रिगा येथे नौदलात दाखल झाली. 'खांदेरी', 'करंज' व 'कुर्सुरा' या तिच्या भगिनी होत. पैकी 'कुर्सुरा' आज विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. सुमारे ९१ मीटर लांबीच्या त्या पाणबुडीतून वाकून चालत गेलेल्या कोणासही, तिच्यात सत्तर-ऐंशी माणसे आठवडेच्या आठवडे कशी राहत असतील, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

पुढील घटना समजण्यासाठी या पाणबुडीची कार्यपद्धती लक्षात घेणे आवश्यक आहे. डिझेल इंजिनाला ज्वलनासाठी हवा लागते, त्यामुळे पाण्याखाली ते चालविता येत नाही. खोल पाण्यात पाणबुडी बॅटरीवर चालते. बॅटरी संपत आली की पाणबुडीला पृष्ठभागावर यावे लागते, किंवा पृष्ठभागाच्या लगत राहून हवेची नळी वर काढावी लागते आणि डिझेल इंजिन चालवून बॅटरी पुन्हा भारित करावी लागते. म्हणजेच डिझेल पाणबुडीला बुडविण्याची गरज नसते. तिला वर येऊ न देता तिच्यावर पाळत ठेवली तरी पुरते. काही तासांनी वा दिवसांनी ती आपण होऊनच वर येते. अमेरिकी नौदलाने १९६२ मध्ये हीच पद्धत अवलंबिली.

त्यात भर म्हणजे या पाणबुड्या उत्तरेकडील थंड समुद्रासाठी बांधलेल्या होत्या. सारगासो समुद्राच्या उबदार पाण्यात त्यांच्या अंतर्भागातील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि इंजिनांच्या कप्प्यात ते याहूनही अधिक होते. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढत होते. पिण्याचे पाणी मोजून दिले जात होते. खलाशी घेरी येऊन पडत होते.

प्रत्येक पाणबुडीवर २२ टॉर्पेडो होते आणि त्यांतील एक अण्वस्त्रधारी होता. त्याची स्फोटशक्ती हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बच्या जवळपास जाणारी होती. महत्त्वाची बाब अशी की, या पाणबुड्यांवर अण्वस्त्र आहे हे अमेरिकी नौदलास त्या वेळी ठाऊक नव्हते.

२७ ऑक्टोबर १९६२

२२ ऑक्टोबर रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी क्यूबाच्या सागरी नाकेबंदीची घोषणा केली व २४ ऑक्टोबरपासून ती अंमलात आली. पाण्याखालील पाणबुड्यांना वर येण्याची सूचना देण्यासाठी निरुपद्रवी स्फोटके टाकली जातील, असे अमेरिकेने मॉस्कोला कळविले होते. परंतु ही सूचना पाणबुड्यांच्या कप्तानांपर्यंत पोहोचली नाही. त्यामुळे अमेरिकी दृष्टीने जो केवळ 'दारावरील ठोका' होता, तो पाणबुडीच्या आतून हल्ल्यासारखा भासत होता. एकाच आवाजाचे दोन अर्थ होत होते आणि दुसऱ्या पक्षाने कोणता अर्थ लावला आहे हे कोणालाच माहीत नव्हते.

२७ ऑक्टोबर हा या संकटातील सर्वांत धोक्याचा दिवस होय. त्या दिवशी क्यूबावर टेहळणी करणारे अमेरिकेचे यू-२ विमान पाडण्यात आले व वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी विमानवाहू नौका 'रँडॉल्फ' च्या ताफ्यातील विनाशिकांनी 'बी-५९' चा माग काढून तिला घेरले. तिच्या आसपास सरावाची स्फोटके व हातबॉम्ब टाकण्यात येऊ लागले. पाणबुडीची बॅटरी जवळजवळ संपली होती. मॉस्कोशी संपर्क नव्हता. युद्ध सुरू झाले आहे की नाही, हे कळण्यास मार्ग नव्हता.

'बी-५९' वर रेडिओसंदेश टिपणाऱ्या पथकाचे प्रमुख वादिम ओर्लोव यांच्या कथनानुसार, या अवस्थेत संतप्त झालेल्या सावित्स्की यांनी अण्वस्त्रधारी टॉर्पेडो सज्ज करण्याचा आदेश दिला. वर युद्ध पेटले असेल आणि आपण येथे गप्प बसलो आहोत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. अर्खिपोव यांनी त्यांना शांत केले. राजकीय अधिकारी इव्हान मास्लेनिकोव यांच्यासह तिघांत विचारविनिमय झाला आणि पाणबुडी वर आणण्याचे ठरले. त्या रात्री 'बी-५९' अमेरिकी विनाशिकांच्या मधोमध पृष्ठभागावर आली. पुढे बॅटरी भारित करून घेतल्यावर ती पुन्हा बुडी मारून निसटली. दरम्यान २८ ऑक्टोबर रोजी ख्रुश्चॉव्ह यांनी क्यूबातून क्षेपणास्त्रे मागे घेण्याची घोषणा केली होती.

साधनांची चिकित्सा

ओर्लोव यांचे हे कथन २००२ मध्ये, संकटास चाळीस वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त हवाना येथे भरलेल्या परिषदेच्या वेळी जगापुढे आले आणि अर्खिपोव यांची ख्याती मुख्यतः त्यावरच उभी आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने काही प्रश्न विचारणे आवश्यक आहे.

पहिला प्रश्न असा की, हे कथन घटनेनंतर सुमारे चार दशकांनी सांगितलेल्या आठवणींवर आधारलेले आहे. सावित्स्की स्वतःहून शांत झाले की अर्खिपोव यांनी त्यांना शांत केले, याविषयी ओर्लोव यांच्या निवेदनातही काहीशी संदिग्धता आहे. शिवाय 'बी-४' चे कप्तान र्‍युरिक केतोव यांच्यासारख्या जाणकारांनी, अण्वस्त्र वापरण्याचा खरोखरच विचार झाला होता का, याविषयी शंका व्यक्त केली आहे.

दुसरा प्रश्न अधिकाराचा आहे. 'तीन अधिकाऱ्यांची संमती आवश्यक होती आणि अर्खिपोव यांनी एकट्याने नकार दिला', असे चित्र लोकप्रिय लेखनात व माहितीपटांत रंगविले जाते. प्रत्यक्षात टॉर्पेडोच्या वापराविषयी निघताना कोणत्या सूचना मिळाल्या, याबाबत चार पाणबुड्यांवरील अधिकाऱ्यांच्या आठवणी परस्परांशी जुळत नाहीत. सावित्स्की आणि अर्खिपोव यांची श्रेणी समान होती. पाणबुडीचा कप्तान सावित्स्की होते. तर ब्रिगेडमधील पदामुळे अर्खिपोव यांना वडिलकी होती. म्हणून त्या प्रसंगी जे घडले ते मतदान नव्हते आणि आज्ञाही नव्हती. एका अधिकाऱ्याने समपदस्थ सहकाऱ्याची समजूत घालणे, असेच त्याचे स्वरूप असावे.

तिसरा मुद्दा सर्वांत उद्बोधक आहे. अर्खिपोव यांनी स्वतः १९९७ मध्ये मॉस्को येथे झालेल्या एका परिषदेत या मोहिमेविषयी निवेदन केले होते. ते बराच काळ दुर्लक्षित राहिले व इंग्रजी भाषांतराच्या रूपाने २०२२ मध्ये सर्वत्र उपलब्ध झाले. त्यांच्या निवेदनातील कळीचा क्षण पाण्याखालचा नाही. तो पाणबुडी वर आल्यानंतरचा आहे. अमेरिकी विमाने अगदी खालून, प्रखर प्रकाशझोत टाकत आणि गोळ्यांचा वर्षाव करत पाणबुडीवरून जात होती. अशा वेळी कप्तानाने सहजप्रवृत्तीने तातडीच्या बुडीचा आदेश दिला असता, तर विमान पाणबुडीवर गोळ्या झाडत होते की तिच्या आजूबाजूला, हा प्रश्न पाण्याखाली गेल्यावर कोणाच्याही मनात आला नसता. तेथे केवळ युद्धाचाच विचार उरला असता, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

अन्य अधिकाऱ्यांच्या आठवणींच्या आधारे संशोधकांनी मांडलेल्या वृत्तान्ताशी हे निवेदन जुळते. त्यानुसार प्रकाश व गोळीबार पाहून हल्ला झाल्याची सावित्स्की यांची समजूत झाली आणि त्यांनी बुडी मारण्याचा व टॉर्पेडो सज्ज करण्याचा आदेश दिला. परंतु खाली उतरण्याच्या अरुंद मार्गात संकेत देणारा खलाशी आपल्या दिव्यासह अडकला व काही क्षणांचा विलंब झाला. अर्खिपोव अजून वरच होते. विनाशिकेवरून दिव्याच्या साहाय्याने दिलगिरीचा संदेश येत आहे हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी आदेश थांबविण्यास सांगितले.

दोन्ही वृत्तान्त सर्वस्वी एकरूप नाहीत. एकात निर्णय पाण्याखाली होतो, दुसऱ्यात पृष्ठभागावर. परंतु दोहोंत समान असलेला गाभा असा : कप्तान थकलेला व क्षुब्ध होता, परिस्थिती संदिग्ध होती, आणि जवळ असलेल्या दुसऱ्या अनुभवी अधिकाऱ्याने थांबून पाहण्याचा आग्रह धरला. पाणबुडी वर आली आणि टॉर्पेडो सुटला नाही, या बाबींविषयी दुमत नाही. येथे सावित्स्की यांच्याविषयीही न्याय करावयास हवा. सहकाऱ्याचे ऐकून स्वतःचा आदेश मागे घेणे हेदेखील कप्तानाच्या अंगी असावे लागणारे धैर्यच आहे. लोककथेला एक नायक आणि एक उतावीळ माणूस लागतो. इतिहासाला तशी गरज नसते.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. १९९७ च्या निवेदनात अर्खिपोव यांनी स्वतःकडे श्रेय घेतलेले नाही. त्यांचा भर व्यक्तीवर नसून परिस्थितीवर आहे. ज्यांच्या नावावर पुढे एवढी मोठी कीर्ती जमा झाली, त्यांनी स्वतः ती मागितली नव्हती.

नंतरची कारकीर्द

चारपैकी तीन पाणबुड्यांना अमेरिकी नौदलासमोर पृष्ठभागावर यावे लागले होते. त्यामुळे परतलेल्या अधिकाऱ्यांच्या वाट्याला कौतुक आले नाही. गुप्तता भंगल्याबद्दल त्यांना जाब विचारण्यात आला. या पाणबुड्या अणुऊर्जेवर नव्हे तर डिझेलवर चालणाऱ्या होत्या व म्हणून त्यांना वर येणे भागच होते, ही प्राथमिक गोष्टही काही वरिष्ठांना समजावून सांगावी लागली, असे कप्तानांच्या आठवणींतून दिसते. निर्णय घेणारे आणि त्याचे परिणाम भोगणारे यांच्यातील अंतर किती मोठे होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

अर्खिपोव यांची कारकीर्द मात्र यामुळे खुंटली नाही. त्यांनी पुढे पाणबुड्यांच्या मोठ्या तुकड्यांचे नेतृत्व केले. १९७५ मध्ये ते रिअर अ‍ॅडमिरल झाले आणि ज्या बाकूच्या विद्यालयातून ते १९४७ मध्ये पदवीधर झाले होते, त्याच संस्थेचे ते प्रमुख झाले. १९८१ मध्ये त्यांना व्हाइस अ‍ॅडमिरल ही श्रेणी मिळाली व त्याच दशकात ते निवृत्त झाले. ज्याने सर्वांत कठीण प्रसंग पाहिले, त्याच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध भावी अधिकाऱ्यांच्या शिक्षणात गेला, ही बाब अध्यापकवर्गास विशेष अर्थपूर्ण वाटेल. तथापि क्यूबाच्या मोहिमेविषयी उघडपणे बोलण्याची मुभा त्या काळात नव्हती. म्हणजे त्यांच्या अनुभवातील सर्वांत मोलाचा धडा वर्गात सांगण्यास त्यांनाच मनाई होती.

१९ ऑगस्ट १९९८ रोजी त्यांचे कर्करोगाने निधन झाले. 'के-१९' वरील किरणोत्साराशी त्याचा संबंध अनेकदा जोडला जातो. परंतु एका व्यक्तीच्या बाबतीत असा कार्यकारणभाव निश्चितपणे सिद्ध करणे वैद्यकशास्त्राला सहसा शक्य नसते. 'के-१९' चे त्यांचे कप्तान झातेयेव यांचेही त्याच महिन्यात निधन झाले. २०१७ मध्ये अर्खिपोव यांना मरणोत्तर 'फ्यूचर ऑफ लाइफ' पुरस्कार देण्यात आला आणि ५०,००० डॉलरची रक्कम त्यांच्या कुटुंबीयांना प्रदान करण्यात आली. घटनेनंतर तो पंचावन्न वर्षांनी आला.

समारोप

अर्खिपोव यांच्या कारकिर्दीवरून निघणारे निष्कर्ष तीन आहेत. एक, विवेक हा ऐन वेळी सुचणारा चमत्कार नव्हे. सुरुंग काढणारी नौका, पाणबुडीतील दीर्घ सेवा आणि 'के-१९' चा अपघात यांतून तो हळूहळू घडला. दोन, ज्ञान आणि धैर्य असूनही योग्य पद व विश्वास नसता तर अर्खिपोव यांचा शब्द निष्फळ ठरला असता. समपदस्थ सहकारी जवळ असणे आणि त्याचे ऐकण्याची कप्तानाची तयारी असणे, ही दोन्ही अंगे आवश्यक होती.

तिसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे. ब्रिगेडचे चीफ ऑफ स्टाफ चारपैकी कोणत्याही पाणबुडीवर असू शकले असते; ते 'बी-५९' वर होते हा योगायोग होय. ज्या व्यवस्थेत स्फोटकांच्या सूचनेचा अर्थ कप्तानांपर्यंत पोहोचत नाही, मुख्यालयाशी संपर्क राहत नाही आणि तरीही अण्वस्त्र त्यांच्या हाती दिले जाते, त्या व्यवस्थेची सुरक्षितता योगायोगावर टांगलेली होती. म्हणून अर्खिपोव यांचा गौरव करताना त्यांना ज्या स्थितीत टाकले गेले तिची चिकित्सा टाळता कामा नये. एका माणसाने जग वाचविले असे म्हणून निश्चिंत होणे म्हणजे पुढच्या वेळीही असा माणूस तेथे असेल, असे गृहीत धरणे होय.

विद्यार्थ्यांसमोर हा प्रसंग ठेवताना नायकाची गोष्ट सांगण्याचा मोह आवरून दोन्ही वृत्तान्त शेजारी शेजारी ठेवावेत व त्यांतील समान काय आणि भिन्न काय हे त्यांनाच शोधू द्यावे. पुरावा अपुरा असताना निर्णय घाईने न घेणे, ही शिस्त इतिहासाच्या अभ्यासकालाही लागते. त्या रात्री 'बी-५९' वर उपयोगी पडली तीही याच जातीची शिस्त होती.